दुरुस्तीची दुरुस्ती

'दुरुस्त' हा शब्द मराठीत फारसीतून आला. त्याचा मूळ अर्थ 'बरोबर', 'नीट', 'जसे असावे तसे'. या अर्थाने पाहिले तर 'चुकीची दुरुस्ती' हा शब्दप्रयोग स्वतःच स्वतःला खोडून काढणारा आहे. तरीही आपल्या घरांत, कचेऱ्यांत, देवळांत, इतकेच काय पण वस्तुसंग्रहालयांतही चुकीच्या दुरुस्तीचे नमुने पावलोपावली आढळतात. मोडलेली वस्तू आपण चटकन ओळखतो. वाईट रीतीने दुरुस्त केलेली वस्तू मात्र चांगल्या वस्तूंच्या रांगेत जाऊन बसते आणि तिचा उपद्रव उशिरा ध्यानात येतो. माझे मत असे आहे की, मोडतोडीपेक्षा वाईट दुरुस्ती अधिक नुकसान करते. आणि ती निस्तरण्याचे काम मूळ दुरुस्तीपेक्षा अधिक ज्ञानाचे, म्हणून अधिक मानाचे आहे. हे मत मांडण्यासाठी मी मुठीत मावेल एवढी एक वस्तू निवडली आहे. ती म्हणजे जुन्या ग्रामोफोनचा साउंडबॉक्स.

वस्तू लहान असली तरी तिच्यामागचा इतिहास लहान नाही. एमिल बर्लिनर यांनी १८८७ साली ग्रामोफोनचे पेटंट घेतले आणि कालांतराने एडिसन यांच्या फिरत्या नळकांड्याची जागा सपाट तबकडीने घेतली. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग हे ध्वनिमुद्रक त्या वेळच्या कलकत्त्यास आले आणि त्यांनी गौहरजान व इतर कलावंतांचे गाणे मुद्रित केले. त्या तबकड्या छापून येत जर्मनीतील हानोव्हर शहरातून. कलकत्त्यातच, सियालदह येथे कारखाना निघाला तो १९०८ साली. गंमत अशी की, जो माल परदेशातून तयार होऊन येई त्याचा कच्चा माल बराचसा इथलाच होता. तबकडीत वापरली जाणारी लाख छोटा नागपूरच्या जंगलांतील पळस, बोर, कुसुम या झाडांवर तयार होई. साउंडबॉक्सच्या पडद्याला लागणारे अभ्रक आजच्या झारखंडातील कोडरमा, गिरिडीह या भागांतून जगभर जात असे. पुढे बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर यांचे स्वर, नाट्यगृहाची पायरी कधीही न चढलेल्या माणसांपर्यंत याच तबकड्यांनी पोहोचवले. या यंत्राला वीज लागत नव्हती. चावी द्यायची, सुई टेकवायची, एवढेच काम. जिथे दिव्याला रॉकेल होते तिथेही ते गाऊ शकत असे.

आता साउंडबॉक्स म्हणजे नेमके काय, हे थोडे सविस्तर पाहिले पाहिजे; कारण वाईट दुरुस्ती कुठे आणि का चुकते, ते यंत्र कळल्याखेरीज कळत नाही. तबकडीवर नागमोडी चर कोरलेला असतो. त्या चरातून फिरताना सुई डावीउजवीकडे थरथरते. सुई ज्या छोट्या दांडीत बसवलेली असते ती दांडी मध्यावर तोललेली असते, लहान मुलांच्या 'सी-सॉ'च्या फळीसारखी. तिचे खालचे टोक सुईबरोबर हलते आणि वरचे टोक एका गोल पडद्याच्या मध्यबिंदूला जोडलेले असते. हा पडदा जुन्या साउंडबॉक्समध्ये अभ्रकाचा असे. नंतरच्या काही प्रकारांत तो ॲल्युमिनियमचा आला. अभ्रकाचा पडदा साधारण पाच सेंटीमीटर व्यासाचा आणि कागदाच्या दोन पदरांइतका जाड असतो. सुईची थरथर या पडद्यावर येते, पडदा हवा हलवतो, आणि ती हलणारी हवा पोकळ हातामधून कर्ण्यात जाते. कर्णा आवाज वाढवतो खरा, पण आवाजाचा जन्म होतो तो या अभ्रकाच्या चकतीवर.

चकती धातूच्या कवचात थेट दाबून बसवत नाहीत. तिच्या दोन्ही बाजूंना, कडेने, रबराची बारीक पोकळ नळी गोल फिरवलेली असते. दोन रबरी वळ्यांच्या मध्ये चकती जणू तरंगत राहते. तोलाची दांडीही घट्ट आवळलेली नसते. बारीक स्प्रिंगांच्या ताणाने ती जागेवर राहते आणि तरीही हलायला मोकळी असते. दांडीचे टोक आणि पडदा यांचा जोड एका इवल्याशा स्क्रूने केलेला असतो आणि त्यावर मधमाशीच्या मेणाचा थेंब सोडलेला असतो, म्हणजे फटीतून हवा जात नाही आणि स्क्रू खुळखुळत नाही. थोडक्यात, हे यंत्र बांधलेले आहे ते सैलपणाच्या नेमक्या मापावर. किती धरायचे आणि किती सोडायचे, हे त्यातले सारे शास्त्र. रबर काही दशकांत कडक होते, तडकते. मग पडदा धातूवर घासू लागतो आणि गाण्यात खरखर येते. बिघाड एवढाच असतो, आणि इथून पुढे दुरुस्ती सुरू होते.

माझ्या परिचयातील एका कुटुंबात आजोबांच्या वेळचा ग्रामोफोन आहे. त्याचा आवाज फाटू लागला म्हणून त्यांनी तो एका दुकानात दिला. परत आला तेव्हा तो वाजत होता, किंबहुना पूर्वीपेक्षा मोठ्याने वाजत होता. घरचे समाधानी झाले. काही महिन्यांनी त्यांच्या ध्यानात आले की, आवडीच्या तबकड्यांचा काळाभोर पृष्ठभाग राखाडी दिसू लागला आहे. जाणत्या माणसाला ही खूण पुरते. चर झिजले, की तबकडी राखाडी होते. साउंडबॉक्स उघडून पाहिला तेव्हा कारण कळले. कडक झालेली रबरी वळी काढून टाकलेली होती, पण त्यांच्या जागी नवी घातलेली नव्हती. अभ्रकाची चकती दोन नळ्यांतून मिसळून बनणाऱ्या इपॉक्सीने थेट कवचाला चिकटवलेली होती. मधल्या जोडावर मेणाऐवजी त्याच इपॉक्सीचा गोळा होता. सुई धरणारा अंगठ्याचा स्क्रू हरवला होता म्हणून बाजारात मिळणारा दुसरा स्क्रू जोर लावून बसवला होता. जुन्या ब्रिटिश यंत्रांत बी.ए. या मापाचे बारीक आटे असत. आजचा मेट्रिक स्क्रू त्यात जवळजवळ बसतो, एक-दोन वेढे सहज जातो, आणि पुढे पक्कड लावली की मूळ आटे मोडून आत शिरतो.

या दुरुस्तीचा परिणाम काय झाला? दांडी जखडली. जी सुई चराच्या वळणाप्रमाणे हलायला हवी ती अडून बसू लागली आणि चराच्या भिंती खरडू लागली. साउंडबॉक्स वाजत राहिला आणि वाजता वाजता तबकड्या मारत राहिला. साउंडबॉक्स दुसरा मिळू शकतो. पण त्या तबकड्यांतील काही गाणी आज अशी आहेत की, ती पुन्हा कोणी छापणार नाही. ज्यांच्या घरी ती आहेत तिथेच ती उरली आहेत. मोडका साउंडबॉक्स कपाटात पडून राहिला असता तर त्याने एकही चर झिजवला नसता. वाईट दुरुस्ती मोडतोडीहून अधिक घातक असे मी म्हणतो ते या अर्थाने.

पुढे हे काम एका वृद्ध कारागिराकडे गेले. शिवणयंत्रे आणि भिंतीवरची घड्याळे दुरुस्त करण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. त्यांनी काय केले ते मला सांगावेसे वाटते, कारण आपल्याकडे कारागिराच्या हातांचे कौतुक होते, त्याच्या विचाराचे होत नाही. पहिल्या दिवशी त्यांनी काहीच केले नाही. भिंगातून पाहिले, सर्व बाजूंनी छायाचित्रे काढवून घेतली, आणि वहीत लिहिले : मूळचे काय, जुन्या दुरुस्तीतले काय, अलीकडचे काय. त्यात असे दिसले की, दांडीची एक स्प्रिंग मूळची नव्हती. फार वर्षांपूर्वी कोणीतरी घड्याळाच्या स्प्रिंगेचा तुकडा बरोबर मापाने घासून तिथे बसवला होता, आणि तो इतका नेटका होता की त्यांनी त्याला हात लावला नाही. "हे काम येणाऱ्याचे आहे, राहू द्या," एवढेच ते म्हणाले. प्रत्येक जुनी दुरुस्ती वाईट नसते, हा विवेक या व्यवसायात अत्यंत दुर्मीळ आहे. बहुतेक जण आधीच्या माणसाचे सगळे उखडून टाकण्यात पुरुषार्थ मानतात.

इपॉक्सी काढणे हे खरे कष्टाचे काम होते. ती पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटला दाद देत नाही. तीव्र रसायनाने ती सुटते, पण अभ्रक हे पापुद्र्यांचे बनलेले असते. द्रव पापुद्र्यांत शिरला की चकती फुलते आणि वाया जाते. शिवाय ती रसायने श्वासाला घातक. म्हणून त्यांनी गरम हवेची मंद ऊब दिली, इपॉक्सी नरम होईपर्यंत वाट पाहिली, आणि बांबूच्या टोकदार काडीने ती थोडी थोडी उचलली. लोखंडी हत्यार त्यांनी घेतले नाही, कारण काडी घसरली तर काडी मोडते, लोखंड घसरले तर कवचावर ओरखडा उठतो. एवढे करूनही चकतीची कड एका जागी निघून आली. मग नवी चकती कापून घेतली. जुनी मात्र कागदी पाकिटात घालून मालकाच्या स्वाधीन केली.

स्क्रूच्या बाबतीत सोपा मार्ग होता : छिद्र मोठे करायचे, नवे आटे पाडायचे, मोठा स्क्रू बसवायचा. दहा मिनिटांचे काम. त्यांनी ते केले नाही. जोर लावून घातलेला स्क्रू आत दोन-तीन वेढेच गेला होता. त्यापलीकडचे मूळ आटे शाबूत होते. योग्य मापाच्या टॅपने त्यांनी ते हलके साफ केले आणि त्या मापाचा नवा स्क्रू खरादावर करून घेतला. नंतर नव्या रबरी नळीची वळी बसवली, टोकाला टोक भिडेल एवढीच कापून. शेवटची जुळणी सर्वांत नाजूक. दांडीचे टोक पडद्याच्या मध्याला नुसते टेकले पाहिजे. त्याने पडदा ढकलताही कामा नये आणि ओढताही कामा नये. ते साधल्यावरच मधला स्क्रू आवळायचा, आणि मग वितळलेल्या मेणाचा थेंब. हे सारे होण्यास चार दिवस लागले. चुकीच्या दुरुस्तीला बहुधा तासभरही लागला नसावा.

मेणाच्या या थेंबावरून इजिप्तमधील एक घटना आठवते. तुतनखामेनचा जगप्रसिद्ध सोन्याचा मुखवटा तेव्हा कैरो येथील संग्रहालयात होता. ऑगस्ट २०१४ मध्ये त्याची दाढी निखळली आणि ती घाईने इपॉक्सीने चिकटवण्यात आली. जोडावर पिवळट लेप स्पष्ट दिसू लागला; २०१५ च्या आरंभी ही गोष्ट जगजाहीर झाली. त्यानंतर जर्मन तज्ज्ञ क्रिस्तियान एकमान यांच्या मार्गदर्शनाखाली मुखवट्यावर काम झाले. किंचित ऊब देऊन आणि लाकडी हत्यारांनी इपॉक्सी काढण्यात आली, आणि दाढी पुन्हा जोडली गेली ती मधमाशीच्या मेणाने. कारण प्राचीन इजिप्शियन कारागीर मेणच वापरत. डिसेंबर २०१५ मध्ये मुखवटा पुन्हा दर्शनासाठी ठेवला गेला. एकीकडे जगातील एक मौल्यवान वस्तू, दुसरीकडे कोणाच्या तरी माळ्यावरचा ग्रामोफोन. पण चूक तीच, साधन तेच आणि उपायही तोच. ज्यांनी घाई केली त्यांना इपॉक्सीची घट्ट पकड हा गुण वाटला. तिथेच तिचा दोष होता.

जुन्या वस्तूंच्या जतनाचा विचार करणाऱ्यांनी काही तत्त्वे ठरवली आहेत. स्मारकांच्या संदर्भात १९६४ साली व्हेनिस येथे जी सनद तयार झाली तिच्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत : अंदाज सुरू होतो तिथे पुनःस्थापनेने थांबावे, आणि गहाळ भागाच्या जागी घातलेला नवा भाग मूळ वस्तूशी सुसंगत असावा, तरी तो नवा आहे हे ओळखता यावे. याच्या जोडीला जतनकार आणखी एक तत्त्व पाळतात : आज आपण जे करू ते उद्याच्या माणसाला परत काढता आले पाहिजे. व्हायोलिन बनवणारे कारागीर शतकानुशतके सरस वापरत आले ते याच कारणाने. ऊब आणि ओलावा दिला की सरसाचा जोड सुटतो, वाद्य उघडता येते आणि पुन्हा मिटवता येते. आपल्याकडे मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावणारे कारागीर घोडीवर कानस फिरवतात तेही असेच बेताबेताने, कारण घासून गेलेले परत येत नाही. त्यांनी व्हेनिसची सनद वाचली नसेल. तिचा आशय त्यांच्या बोटांना ठाऊक असतो.

तरीही प्रत्येक वस्तू पूर्ववत करता येते असे मानणे भाबडेपणाचे आहे. ग्रामोफोनचे काही भाग, विशेषतः काही साउंडबॉक्सची कवचे व हातांचे जोड, जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचे असत. त्या जस्तात शिशाचा अंश राहिला असेल तर दमट हवेत धातू कणाकणांच्या सीमांवरून आतून गंजू लागतो, फुगतो, त्याला भेगा पडतात. लाकडाला कीड लागावी तसे. शुद्ध जस्त वापरून तयार केलेली 'झामॅक' ही मिश्रधातू १९२९ साली आली तेव्हा या दुखण्यावर उपाय सापडला. पण आधी ओतलेले भाग तसेच राहिले. अशा फुगलेल्या भागाला कोणी झाळायला घेतले तर काय होते? जस्त सुमारे ४२० अंश सेल्सिअसला वितळते आणि पितळेने झाळण्यास त्याच्या दुप्पट उष्णता लागते. भाग जोडला जाण्याऐवजी डोळ्यांदेखत ओघळतो. इथे शहाणपण एवढेच की, हात आवरावा, जुना भाग जपून ठेवावा, त्याच्या मापाचा नवा भाग करून घ्यावा आणि त्यावर तो नवा असल्याची खूण करावी. किडलेल्या धातूला मलम नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. ज्या देशात सुटे भाग मिळत नव्हते, मिळाले तरी परवडत नव्हते, तिथे लोकांनी तारेने, चिंधीने, डाख देऊन, हाताला लागेल त्या वस्तूने यंत्रे चालू ठेवली. या जुगाडाला नावे ठेवणारे आपण कोण? मी त्याला नावे ठेवत नाही. ऐन हंगामात विहिरीवरचा पंप बंद पडला आणि कोणी सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने तो सुरू केला, तर त्या माणसाचे शेतकऱ्यावर उपकार आहेत. पण त्याला स्वतःलाही ठाऊक असते की ही वेळ मारून नेलेली आहे. पाऊस पडला की तो पट्टी सोडतो. तारेची गाठ सोडता येते, ट्यूबची पट्टी सोडता येते. म्हणजे खरा जुगाड बहुधा परत काढता येण्याजोगाच असतो! माझा रोख आहे तो तात्पुरत्या उपायाला कायमचे करून टाकणाऱ्या घाईवर, आणि ते करून 'काम पक्के झाले' असे सांगणाऱ्या आत्मविश्वासावर.

दुसरा एक प्रकार याहून वाईट आहे, आणि तिथे साधनांची उणीव हे कारणही नसते. पितळी कर्णा लखलखीत घासलेला, लाकडी पेटीला ताजे पॉलिश, दर्शनी भागावर कुत्र्याचे सुप्रसिद्ध चित्र असलेली पट्टी : असे 'जुने' ग्रामोफोन पर्यटकांच्या बाजारांत दिसतात. त्यांतील बरेचसे अलीकडे जोडून उभे केलेले असतात. आत चाके आणि स्प्रिंग एखाद्या हातपेटीसारख्या साध्या ग्रामोफोनमधून काढलेली असतात. म्हणजे दिसायला साधे, पण अस्सल असे एक यंत्र मारून दिसायला भव्य असे एक खोटे यंत्र तयार होते. ग्राहकाला चमक हवी असते आणि विक्रेता ती पुरवतो. अस्सल वस्तूचाही बळी याच हौसेपायी जातो. जुन्या पेटीवरचा काळसर थर, झिजलेला मुलामा, चावीच्या मुठीवर पिढ्यांच्या हातांनी आलेली गुळगुळीत झाक हे सारे घासून काढले की, वस्तू नवी होत नाही, फक्त तिचे वय पुसले जाते. तबकड्यांच्या बाबतीत तर स्वच्छतेची हौस सरळसरळ घातक ठरते : लाख स्पिरिटमध्ये विरघळते, आणि तबकडी 'चांगली पुसावी' म्हणून स्पिरिट लावणारा माणूस गाणेच पुसून टाकतो.

मग दोष कोणाचा? दुकानदाराचा, हे उत्तर सोपे आहे आणि अपुरे आहे. चार दिवसांच्या कामाचे पैसे मागितले तर किती ग्राहक देतील? आपण नव्या वस्तूची छापील किंमत मुकाट्याने देतो आणि दुरुस्तीच्या मजुरीत घासाघीस करतो. कारागीर 'आत काही विशेष नव्हते, पण तपासायला वेळ लागला' असे खरे बोलला तर त्याला एक पैसा मिळत नाही. एखादा भाग बदलल्याचे दाखवले तरच पैसे सुटतात. ज्या व्यवहारात पाहण्याला, विचाराला आणि थांबण्याला मोल नाही, तिथे हात धुऊन मोकळे होणारी दुरुस्तीच फोफावणार. वाईट दुरुस्तीत ग्राहकाचा वाटा निम्मा तरी आहे, असे मला वाटते.

अलीकडे या प्रश्नाला नवे वळण लागले आहे. आजची अनेक उपकरणे कारखान्यातूनच चिकटवून येतात. फोनची बॅटरी बदलायची तर आधी काच उचकटावी लागते. म्हणजे साउंडबॉक्सच्या बाबतीत जी दुकानातली चूक होती ती इथे रचनेतच घातली आहे. ग्राहकांच्या 'दुरुस्तीच्या हक्का'चा विचार करण्यासाठी भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली समिती नेमली आणि त्याच वर्षी त्यासाठी संकेतस्थळही सुरू केले. हे स्वागतार्ह आहे. पण हक्क मिळाला तरी तो बजावणारे हात हवेत, आणि ते हात कुठे घडतात, हा प्रश्न कायद्याने सुटणारा नाही.

कारण हे ज्ञान पुस्तकांत फार थोडे आहे. कोणत्या यंत्राला कोणते आटे, कोणता जोड कशाने सुटतो, रबराची नळी किती जाड, हे सारे ज्याच्या त्याच्या वहीत किंवा स्मरणात असते, आणि माणसाबरोबर जाते. मराठीत आपण यंत्र चालवण्याच्या सूचना लिहिल्या, यंत्राचा शोध लावणाऱ्यांची चरित्रे लिहिली. यंत्र उघडणाऱ्याने काय पाहिले, ते क्वचितच लिहिले. ज्यांनी शाळा लवकर सोडली आणि एखाद्या कारखान्यात, गॅरेजमध्ये, घड्याळाच्या टपरीत आयुष्य काढले, त्यांच्यापाशी असे पुष्कळ आहे जे पदवीधरांपाशी नाही. त्यांच्यापैकी कोणी हा पाठ वाचत असेल तर माझी त्यांना विनंती आहे की, आपल्या कामाची नोंद आपल्या भाषेत ठेवावी. शुद्धलेखनाची चिंता नंतर करता येईल. 'डाख', 'आटे', 'खराद', 'कानस', 'झाळणे' हे शब्द कोशात जिवंत राहतील ते अशा वह्यांमुळेच.

जुने घड्याळजी दुरुस्त केलेल्या घड्याळाच्या झाकणावर, आतल्या बाजूने, सुईने बारीक अक्षरांत तारीख किंवा खूण कोरून ठेवत. मालकाला ती दिसत नसे. पुढच्या घड्याळजीसाठी ती असे. वर सांगितलेल्या कारागिरांनीही ग्रामोफोन परत देताना पेटीच्या आत, चाकांच्या वरच्या फळीच्या खालच्या अंगाला, एक कागद सरसाने चिकटवला. त्यावर महिना आणि वर्ष आहे, काय काढले आणि काय घातले त्याची यादी आहे, स्क्रूच्या आट्यांचे माप आहे, एक स्प्रिंग पूर्वीच्या कोणा कारागिराची असून ती तशीच ठेवली आहे असा उल्लेख आहे. आणि सर्वांत खाली लिहिले आहे : मधला जोड मेणाचा आहे, ऊब दिली की सुटतो.